‘शांततेसाठी’ असं मीच लिहिलं होतं: संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

जय हिंद.

गेल्या २६ जानेवारीला आमच्या भागातल्या एका गावात हुतात्म्यांच्या घरच्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, एक ट्रॉफी. मंडपाच्या कमानीवर मोठा फ्लेक्स, त्यावर पाच जवानांचे फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘कारगिलचे वीर’. डावीकडून दुसरा फोटो माझ्या पलटणीतल्या एका जवानाचा होता. तो नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्यात गेला. कारगिल पेटलं तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ बारा वर्षं झाली होती.

त्याची मुलगी व्यासपीठावर गेली, शाल घेतली, खाली आली. कार्यक्रम संपल्यावर तिने संयोजकांकडे हळूच विषय काढला. माणूस भला, चांगलाच ओशाळला. पण ओशाळता ओशाळता त्याने विचारलंच, “ताई, श्रीलंकेबरोबर आपलं युद्ध झालं होतं? कधी?”

रात्री तिचा मला फोन आला. ती म्हणाली, “काका, त्यांना काय बोलायचं? मला तरी कुठे सांगता येतं? आईकडे ते पत्र आहे, त्यात लिहिलंय की बाबा ‘शेजारी देशात शांतता प्रस्थापित करण्याच्या पवित्र कार्यात कामी आले’. म्हणजे नेमकं काय झालं होतं?”

महोदय, ते वाक्य माझं आहे. खाली सही कमांडिंग ऑफिसर साहेबांची, पण मसुदा माझा, अक्षरही माझं. तिला मी त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण बंद पाकिटातली माझी पत्रं कुठल्या टेबलावर थांबतात हे मला पुरतं ठाऊक झालंय.

मी पायदळाच्या एका पलटणीत क्लार्क होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. ऑगस्ट १९८७ मध्ये आम्ही जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा माझ्याकडे एक टाइपरायटर, दोन लोखंडी पेट्या भरून फायली आणि एक रायफल होती. गोळ्या मी फारशा झाडल्या नाहीत, ते काम माझ्या मित्रांनी केलं. माझ्याकडे कागद होते. कोण सुट्टीवर, कोण इस्पितळात, कोणाची तार आली, आणि ऑक्टोबरनंतर, कोण गेला.

एक जवान गेला की क्लार्ककडे तीन कामं येत. वर संदेश पाठवायचा. सामानाची यादी करायची. घरच्यांना साहेबांच्या सहीचं पत्र लिहायचं. पत्रं हिंदीत जात, पण मराठी घर असलं की साहेब म्हणत, त्यांच्या भाषेत लिही, म्हातारा बाप दुसऱ्याकडून वाचून घेणार. अशी मराठी पत्रं मी अकरा लिहिली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, “आपला मुलगा श्रीलंकेतील युद्धात कामी आला.” साहेबांनी लाल पेन्सिलने ‘युद्धात’ खोडलं. म्हणाले, “हे युद्ध नाही. आपण शांतिसेना आहोत.” साहेब कडक असले तरी वाईट नव्हते, त्या आठवड्यात दोन रात्री त्यांनी पाठ टेकली नव्हती. त्यांना वरून जे सांगितलं होतं तेच ते मला सांगत होते. मी वाक्य बदललं. पुढच्या दहा पत्रांत लाल पेन्सिल लागली नाही, कारण शब्द मला पाठ झाला होता.

याच मुलीच्या वडिलांची ट्रंक मी भरली. यादीची कार्बन कॉपी अनेक वर्षं माझ्याकडे होती. ट्रंक काळी, १. कुलूप किल्लीसह, १. दाढीचं सामान. फोटो, ३. इनलँड लेटर, लिहिलेलं पण न टाकलेलं, १. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लहान मुलीच्या चपला, जाफन्याच्या बाजारातून घेतलेल्या. सुभेदार साहेबांनी विचारलं, हे काय लिहिणार? मी लिहिलं: चप्पल, लहान, नवी, जोड १. चपला घरी पोचल्या. माणूस पोचला नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं दहन तिकडेच झालं, घरी अस्थी गेल्या आणि ट्रंक.

तर, शांतता.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. सह्या झाल्यापासून ४८ तासांत शस्त्रसंधी, आणि शस्त्रसंधीपासून ७२ तासांत श्रीलंका सरकारशी लढणाऱ्या सगळ्या तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, असं त्यात लिहिलं आहे. श्रीलंका सरकारने मागितली तर भारत लष्करी मदत देईल, असंही कलम आहे. मी निवृत्तीनंतर तो करार ओळीन् ओळ वाचला. कारकुनाची सवय. कागदाच्या खाली सह्या कोणाच्या आहेत, हे आधी बघायचं. सह्या दोन सरकारांच्या आहेत. शस्त्रं ज्यांनी टाकायची त्या एलटीटीईची, वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या संघटनेची, सही नाही. ज्याने सही केली नाही त्याने ७२ तासांत कबूल व्हावं, या भरवशावर आम्हाला विमानात बसवलं गेलं.

आणि एलटीटीईची ही मुलं कोण होती? १९८३ च्या कोलंबोतल्या दंगलींनंतर आपल्याच यंत्रणांनी तमिळ गटांना, एलटीटीईसकट, आपल्याच भूमीवर प्रशिक्षण दिलं होतं, हे आता गुपित राहिलेलं नाही. जून १९८७ मध्ये आपल्या हवाई दलाने जाफन्यावर धान्याची पोती टाकली, तीही त्यांच्या बाजूने उभं राहून. चार महिन्यांत आम्ही त्यांच्यासमोर उभे होतो. त्यांच्या हातात एके-४७, आमच्या हातात एसएलआर रायफली.

ऑगस्टमध्ये लोकांनी आम्हाला हार घातले होते. पोरं सायकलवरून गाडीमागे धावत. मग सप्टेंबरात जाफन्यातल्या नल्लूरच्या मंदिराजवळ एलटीटीईचा तिलीपन उपोषणाला बसला आणि २६ तारखेला गेला. त्याच्या मागण्या आपल्या सरकारकडे होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेले एलटीटीईचे लोक पलालीला ठेवले होते. त्यांना कोलंबोला नेणार असं ठरलं, आणि त्यांनी सायनाइडच्या कुप्या चावल्या, त्यात १२ जण मेले. ती धावपट्टी आमच्या तंबूपासून फार लांब नव्हती. त्या दिवसापासून पोरं गाडीमागे धावायची थांबली.

१० ऑक्टोबरच्या सुमारास एलटीटीईविरुद्धची कारवाई, ‘ऑपरेशन पवन’, सुरू झाली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण खाली उतरले, मागची कुमक उतरूच शकली नाही. ३० पैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला. खाली कोण वाट बघतंय याचा अंदाज नसताना ते का उतरवले गेले, हे आजवर ज्या अधिकाऱ्यांनी लिहिलं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिलं. ५४ डिव्हिजनचे त्या वेळचे प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी तर लिहिलं आहे की सप्टेंबरमध्ये बोलणी करायला येणाऱ्या एलटीटीईच्या प्रमुखाला, प्रभाकरनला, पकडा किंवा गोळी घाला असा निरोप आपल्या उच्चायुक्तांकडून आला आणि आपण तो मानला नाही. खरं की खोटं, मी सांगू शकत नाही. पण सेनापती एक सांगतो, राजदूत दुसरं सांगतो, आणि ज्या सरकारने दोघांनाही पाठवलं ते ३५ वर्षांहून अधिक काळ गप्प बसतं, ही तऱ्हा मला समजत नाही.

२५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले. परमवीरचक्र मिळालं त्यांना. जन्म मुंबईतला. मुंबईत किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी इथे विचारत नाही, फ्लेक्सवाल्या संयोजकाला दोष देण्यासारखं होईल.

आता कारणांकडे येतो, कारण माझं खरं गाऱ्हाणं तिथे आहे. माणसं गेली हे गाऱ्हाणं नाही. फौजेत भरती होताना आम्ही मरणाची अट मान्य करूनच आलो होतो. पण आम्हाला आणि देशाला सांगितलेलं कारण वाटेत बदलत गेलं, आणि बदललं हे कोणी कबूल केलं नाही.

ऑगस्टमध्ये कारण होतं: दोन बाजूंच्या मध्ये उभं राहून शस्त्रसंधी टिकवणं. ऑक्टोबरमध्ये झालं: एलटीटीईला नि:शस्त्र करणं, आणि ते थोड्या दिवसांचं काम आहे. १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका पार पाडणं, मग तिथे निवडून आलेलं सरकार टिकवणं. १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी स्पष्ट सांगितलं की जुलैअखेर सैन्य परत न्या. तेव्हा दिल्लीने सांगितलं की प्रांतांना अधिकार मिळाल्याखेरीज आणि तमिळांच्या सुरक्षेची हमी मिळाल्याखेरीज निघता येणार नाही. म्हणजे यजमानाच्या विनंतीवरून आलेलो आम्ही यजमानाने जा म्हटल्यावरही थांबलो. आणि त्याच यजमानाने त्याच काळात आमच्याविरुद्ध वापरायला एलटीटीईला शस्त्रं पुरवली. ती शस्त्रं कोणाकोणावर चालली, हे माझ्या यादीतल्या तारखा बघून मी अंदाजाने सांगू शकतो. अंदाजाने.

नोव्हेंबर १९८९ मधलं माझं एक पत्र बघा. १९८७ च्या पत्रातलं वाक्य त्यात जसंच्या तसं आहे. ‘शांतता प्रस्थापित करण्याच्या पवित्र कार्यात.’ दोन वर्षांत कारण चारदा बदललं, पण माझं वाक्य तेच राहिलं, कारण कोणी लाल पेन्सिल घेऊन आलं नाही.

आणि एक कारण असं आहे, जे आम्हाला कधी सांगितलंच नाही. करारासोबत दोन्ही नेत्यांनी एकमेकांना पत्रं दिली आहेत, तीही मी वाचली. त्रिंकोमाली किंवा श्रीलंकेचं दुसरं कुठलं बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही. परदेशी लष्करी आणि गुप्तहेर मंडळींबद्दल भारताशी बोलायचं. परदेशी रेडिओ केंद्रांचे करार तपासायचे. त्रिंकोमालीच्या तेलाच्या टाक्या भारत आणि श्रीलंकेने मिळून चालवायच्या.

ही कारणं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कुठल्याही देशाला आपल्या दाराशी कोणाचं आरमार येऊन बसतंय याची काळजी असणारच. माझं म्हणणं एवढंच, की हे कारण असेल तर ते तोंड भरून सांगायला हवं होतं. ‘तुमचा मुलगा त्रिंकोमालीचं बंदर परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून गेला’ असं वाक्य मी लिहू शकलो असतो. ते बापाला पटलं असतं. आमच्याकडच्या बापाला बांध समजतो, विहीर समजते, वाटेचा हक्क समजतो. ‘शांतता’ त्याला समजली नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाल्यावर, मी सुट्टीवर आलो तेव्हा याच मुलीचे आजोबा मला म्हणाले होते, “आरं बाबा, त्या लोकांसंगं आपलं भांडान तरी काय हुतं? पोरगं त्यांच्यासाठी गेलं का त्यांच्याइरुद्द?” मी तेव्हाही गप्प बसलो. ते आता नाहीत.

याच ठिकाणी मला एक गोष्ट सांगायलाच हवी, जी माजी सैनिकांच्या मेळाव्यात सांगितली की दोन-चार जण उठून चहाला जातात. आमच्या कॅम्पजवळ एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे, तमिळ, इंग्रजी उत्तम. ऑगस्टमध्ये माझ्या टाइपरायटरची फीत संपली तर त्यांनी स्वतःकडची दिली, पैसे घेतले नाहीत. डिसेंबरात ते चेकपोस्टवर आले, माझं नाव घेऊन. भाच्याला कुठल्यातरी गस्तीने नेलं होतं, कुठल्या तुकडीने ते ठाऊक नव्हतं. नाव, वय, कोणत्या रंगाचा सदरा होता, सगळं त्यांनी इंग्रजीत एका चिठ्ठीवर आणलं होतं. मी चिठ्ठी घेतली, वर पाठवली. पुढे काही झालं नाही. ते परत दोनदा आले, नंतर यायचे थांबले. अकरा पत्रं मी लिहिली, बारावं त्यांना लिहायला हवं होतं आणि ते लिहिण्याचा हुकूम मला कधीच मिळाला नाही.

जाफन्याच्या इस्पितळात ऑक्टोबर १९८७ मध्ये, त्यांच्या दिवाळीत, रुग्ण, डॉक्टर, नर्सेस मिळून साठाच्या आसपास माणसं मारली गेली. आपली बाजू म्हणते की आतून गोळीबार झाला, चकमकीत माणसं सापडली. वाचलेले वेगळंच सांगतात. मी तिथे नव्हतो. पण जे जवान तिथे होते, त्यांच्यातल्या काहींनी या गोष्टीवर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, हे मी पाहिलं आहे. शांततेसाठी गेलेल्या फौजेकडून असं काही घडलं असेल तर ते कारणाशी जोडून तपासायला हवं. माणसाला कशासाठी लढतोय हेच ठाऊक नसेल तर समोरचा प्रत्येकजण शत्रू वाटायला वेळ लागत नाही.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. तो राग मी धरत नाही, त्यांच्या लोकांना आमच्याबद्दल जे वाटत होतं ते त्यांनी दाखवलं. ३२ महिन्यांत आमचे किती गेले? कुठे ११६५ वाचायला मिळतात, कुठे ११७१, कुठे ‘सुमारे १२००’. एका वेळी ८०,००० च्या आसपास सैन्य तिथे होतं, जखमी ३,००० च्या वर. पलटणीच्या क्लार्कला संध्याकाळच्या हजेरीत एक माणूस कमी-जास्त दाखवता येत नाही, महोदय. जेवणसुद्धा मिळत नाही त्या आकड्यावर.

आमच्या नावांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेने २००८ मध्ये उभं केलं. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ चं. पंतप्रधान २०१५ ला आणि २०२५ ला कोलंबोच्या स्मारकावर गेले, फुलं वाहिली. टीव्हीवर ते बघताना मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. पण फुलांखालच्या दगडावर नावं आहेत, कारण नाही.

कारगिलचं बघा. युद्ध संपलं आणि लगेच, २९ जुलै १९९९ ला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (२९ जुलै. आमच्या करारावर बरोबर बारा वर्षांपूर्वी सह्या झाल्या ती तारीख. योगायोग, पण मला टोचतो.) पुढच्या वर्षी अहवाल संसदेत आला. काही पानं झाकलेली होती, तरी आला. म्हणजे हे जमतं. सरकार चालू राहतं, फौजेचं मनोधैर्य खचत नाही, शत्रूच्या हाती काही लागत नाही.

आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांच्या नोंदींबद्दल धोरण जाहीर केलं. त्यात म्हटलं आहे की साधारण २५ वर्षांनी नोंदी खुल्या व्हाव्यात, युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत इतिहास लिहिण्यासाठी समिती व्हावी, पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार व्हावा. मी ते धोरण वाचून त्या दिवशी घरात पेढे आणले होते, बायको हसली. १९९० मध्ये २५ मिळवा. २०१५.

पुढे मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. मागणी साधी: ऑक्टोबर १९८७ मध्ये एलटीटीईविरुद्ध कारवाई करण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणांनी झाला, त्या कागदाची प्रत. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवला. शेवटी उत्तर आलं, कलम ८(१)(अ): देशाची सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध. त्याच कायद्याच्या ८(३) मध्ये २० वर्षांहून जुन्या गोष्टी द्याव्यात असं आहे, पण (अ) चा अपवाद ठेवून. तेव्हा कायद्याने त्यांचं बरोबर, हे मी मान्य करतो. पण ज्या एलटीटीईशी आपण लढलो ती मे २००९ मध्ये संपली. प्रेमदासा, जयवर्धने, राजीव गांधी, सगळे गेले. आता कोणाच्या सुरक्षेला धोका आहे? माझ्या मते फक्त एका वाक्याच्या, आणि ते वाक्य मी लिहिलेलं आहे.

हे आपल्या पक्षाविरुद्ध पत्र नाही. सैन्य पाठवलं एका पक्षाच्या सरकारने, परत आणलं दुसऱ्याने, त्यानंतर जवळजवळ सगळ्यांनी राज्य केलं. गप्प बसण्यात सगळ्यांचं एकमत झालेलं दिसतं.

मागण्या लिहितो. जास्त नाहीत.

श्रीलंकेतल्या कारवाईवर संसदेत श्वेतपत्रिका मांडा. त्यात करार आणि सोबतची पत्रं असावीत, आणि कारवाईचं उद्दिष्ट कधी, कोणी, कशासाठी बदललं ते तारखांनिशी असावं. जे खरोखर झाकायलाच हवं ते झाका, कारगिलच्या अहवालात झाकलं तसं, पण किती पानं झाकली तेही सांगा.

आपल्याच धोरणाप्रमाणे नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवा आणि अधिकृत इतिहास छापा. तो मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीतही असावा. ज्या घरांत ट्रंका गेल्या त्या घरांत इंग्रजी कमी आहे.

हुतात्म्यांचा एक पक्का आकडा जाहीर करा. नाव, तारीख, ठिकाण. पुढच्या वर्षी कोणी फ्लेक्स छापायला बसला तर त्याला बघायला काहीतरी असू दे.

जाफन्यात आपल्या ताब्यातून जे परत आले नाहीत, त्यांच्याबद्दलचे आपल्याकडचे कागद खुले करा. पोस्टमास्तरांची चिठ्ठी मी वर पाठवली होती, म्हणजे ती कुठेतरी असेल. आम्ही कागद फेकत नसू.

त्रिंकोमालीच्या त्या टाक्यांचं पुढे काय झालं ते मी वर्तमानपत्रांतून वाचत आलो. दुसऱ्या महायुद्धातल्या ९९ टाक्या. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला: १४ इंडियन ऑइलच्या तिथल्या कंपनीकडे, २४ श्रीलंकेच्या पेट्रोलियम महामंडळाकडे, ६१ दोघांच्या संयुक्त कंपनीकडे. एकेका टाकीचा हिशेब लागला. आनंद आहे. टाक्यांना पस्तीस वर्षं लागली, तेवढा वेळ आम्हीही दिला आहे.

शेवटची मागणी माझी स्वतःची आहे. त्या अकरा घरांना नवीन पत्र जायला हवं. आपल्या सहीचं, त्यांच्या भाषेत, एक पान पुरे. तिचा नवरा, त्याचा मुलगा, तिचे वडील कशासाठी गेले, ते त्यात सरळ लिहिलेलं असावं. बंदरासाठी असेल तर बंदर लिहा. चूक झाली असेल तर चूक लिहा. शांतताच असेल, तर कुठली आणि कोणाची ते लिहा.

मसुदा मी करून देईन. टाइपरायटर विकला, पण मोबाइलवर मराठी टाइप करायला नातवाने शिकवलं आहे. सगळे पत्ते माझ्या वहीत आहेत, चार बदललेत, नवे लिहून घेतलेत. कारणाची ओळ तेवढी मी कोरी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार क्लार्क